मराठी गणनेतील ‘औट’

सांगली, माधवनगर यांसारख्या पेठांत हळद, गूळ व धान्य यांचा हिशेब मण-शेरांत आणि रुपये-आण्यांत होत असे, तोपर्यंत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुलास पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी व औटकी मुखोद्गत असणे आवश्यक मानले जाई. साडेतीन आणे शेर दराने बारा शेरांचे किती, या प्रश्नास औटकी जाणणारा मुलगा कागदास हात न लावता बेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये दहा आणे, असे उत्तर देई. सोळा आण्यांचा रुपया व चाळीस शेरांचा मण पाव-अर्ध्यांत सहज विभागले जात; या पाढ्यांचे बळ त्यातच होते.

या मालिकेतील ‘औट’ हा शब्द विशेष लक्षणीय होय. त्याचे पूर्वरूप प्राकृतात ‘अद्धुट्ठ’, पालीत ‘अड्ढुड्ढ’ असे आढळते. मूळ कल्पना ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा ज्यात अर्धाच आहे ती संख्या. ‘अडीच’ हाही त्याच घडणीचा, अर्धतृतीयापासून आलेला. उलट ‘साडे’ हा ‘सार्ध’पासून, म्हणजे ‘अर्ध्यासह’. एका रीतीत पुढील अंकाकडे पाहून मोजणे आहे, दुसरीत मागील अंकात भर घालणे. जर्मन मनुष्य साडेतीन वाजले असता ‘अर्धे चार’ म्हणतो, आणि डॅनिश भाषेतील पन्नासाचा शब्द मुळात ‘अर्धतृतीय विसा’ असा आहे. तेव्हा ही रीत केवळ आपलीच नव्हे.

मराठीत ‘साडेएक’, ‘साडेदोन’ कोणी म्हणत नाही. दीड व अडीच यांनी आपली जागा सोडली नाही; चारापुढे मात्र साडेचाराखेरीज गती नाही. दोन्ही रीतींची गाठ पडली ती साडेतिनाशी, आणि तेथे ‘औट’ हळूहळू मागे हटला. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठेही साडेतीनच. औटास आश्रय उरला तो मुख्यत्वे पाढ्यात.

तो आश्रयही पुढे गेला. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, 1958 पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि औटकीचे व्यवहारातील प्रयोजन संपले. कायद्याने शब्द मरत नाहीत हे खरे. पण ज्या हिशेबासाठी तो पाठ करावयाचा, तो हिशेबच राहिला नाही.

आज सामान्य वाचकास हा शब्द भेटतो तो ‘औट घटकेचे राज्य’ या वाक्प्रचारात. चोवीस मिनिटांची घटका धरता ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे भरते.