राजीनामा व यजितपत्र : पंचांच्या निवाड्याचें बळ

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना संग्राहकाचा हात प्रथम महजराकडे जातो. हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे व आमच्याही हातून घडलें आहे. महजर लांबलचक असतो. त्यावर शिक्के असतात, देशमुख-देशपांड्यांचीं नांवें असतात, खालीं पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या काढलेल्या असतात. शिवाय वतनाची वंशावळ त्यांत आयती सांपडते. त्याच रुमालांत चार-सहा ओळींचे, शिक्का नसलेले दोन कपटेही असतात, ते बहुधा बाजूस पडतात. त्यांतील एक म्हणजे वाद ऐकला जाण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं दिलेला राजीनामा, आणि दुसरें म्हणजे निवाड्यानंतर हरलेल्यानें लिहून दिलेलें यजितपत्र. मराठी राज्यांत पंचायत कशाच्या बळावर चालत असे हें समजावयाचें तर मोठ्या कागदाहून या दोन कपट्यांचा उपयोग अधिक आहे, असें आमचें मत आहे.

राजीनामा हा शब्द आज चाकरी सोडण्याच्या अर्थानें रूढ झाला आहे. येथें त्याचा अर्थ ‘राजी असल्याचा लेख’ एवढाच. तंटा पाटीलकीचा असो, शेताच्या बांधाचा असो, कीं होळीची पहिली पोळी कोणाची या मानपानाचा असो, अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांकडूनही आधीं लिहून घेत कीं, हे पंच आम्हांस मान्य आहेत व ते सांगतील त्याप्रमाणें आम्ही वर्तूं. त्यावर जामीन घेत. मग तकरिरा, साक्षी-पुरावा, जुने कागद, आणि शेवटीं निवाडा. गोतसभेंत पाटील, कुलकर्णी, बलुते व शेजारच्या गांवचे वतनदार बसत. गोत म्हणजे भाऊबंद, आणि गोत म्हणजे निवाड्यास जमलेले गांवकरीही. एका शब्दांतील हे दोन अर्थ आम्हांस मोठे सूचक वाटतात. आपलें गोत पक्षपाती आहे अशी शंका असल्यास वाद्यास परस्थळ मागतां येई, म्हणजे दुसऱ्या गांवच्या मंडळीकडे वाद नेतां येई. पंच निवडण्यांत पक्षकाराचा हात असे तो असा. निवाडा विरुद्ध गेल्यावर त्याच माणसानें यजितपत्र (यजितखत असेंही म्हणत) लिहून द्यावयाचें: माझा दावा खोटा ठरला, पुढें या गोष्टीविषयीं कटकट करणार नाहीं. ज्याच्यापासून पुढें तंटा उद्भवावयाचा, त्याच्याच लेखानें तो बंद करावयाचा, ही यांतील खुबी.

परंतु यावरून जुनी पंचायत म्हणजे केवळ प्रेमाचा सलोखा, असें जें चित्र कांहीं अभिमानी लेखकांनीं काढलें आहे, तें आम्हांस मान्य नाहीं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ मध्यें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीस न्यायदानाचें मुख्य साधन म्हटलें आहे, आणि तिचे दोषही मोकळेपणानें मांडले आहेत. पंचांस वेतन नाहीं. त्यामुळें ते जमावयास विलंब, जमल्यावर उठून जाण्याची घाई. राज्याचा अधिकारी पाठीशीं उभा राहिला नाहीं तर काम अर्धवट राही. ज्या वाद्यांनीं पंचायतीची वाट धरली नाहीं त्यांच्यासाठीं तगादा होता. साध्या मागणीपासून दारांत माणूस बसविण्यापर्यंत, आणि पुढें उन्हांत डोकीवर धोंडा देऊन उभें करण्यापर्यंत त्याच्या पायऱ्या एल्फिन्स्टननें नमूद केल्या आहेत. सरकारासही निवाड्यांतून प्राप्ति होती: जिंकणाऱ्यानें हरकी द्यावी, हरणाऱ्यानें गुन्हेगारी. तेव्हां राजीनाम्यांतील ‘आत्मसंतोषें’ हा शब्द वाचतांना बाहेर कोण उभें होतें याचाही विचार वाचकानें करावा. संमति खरी होती, पण ती एकटी नव्हती.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील दोन प्रयोगांचा उलगडा होतो. पहिला पुण्याचा. सार्वजनिक सभा १८७० त निघाली; तिचे प्राण गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, व त्यांचे पाठीराखे न्यायमूर्ति रानडे. यांच्या खटपटीनें १८७६ च्या सुमारास पुण्यांत लवाद कोर्ट सुरू झालें. सरकारी कोर्टांतील खर्च व कालहरण टाळून प्रतिष्ठित गृहस्थांनीं आपखुषीनें वाद तोडावे, हा हेतु. येथें राजीनामा होता, पंच होते; तगादा मात्र नव्हता, आणि गोतही नव्हतें. शहरांतील दोन अनोळखी पक्षकारांस एका पंगतीची वा एका पाणवठ्याची भीड कोठून असणार? हेतूची थोरवी आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. पण पेठेंतील लवादाला गांवच्या गोताची जागा घेणें अवघड होतें.

दुसरा प्रयोग सरकारचा. मे १८७५ मध्यें सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचे खतपत्र जाळले आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील गांवोगांव पसरलें. त्याचें फळ म्हणजे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यांत सलोखा करणारे मध्यस्थ नेमण्याचें एक प्रकरणच होतें. विल्यम वेडरबर्न यांनीं पंचायतीच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार याच सुमारास केला होता. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वीं सावकारानें मध्यस्थाकडे जावें. जमलें तर करारनामा न्यायालयांत दाखल होऊन त्यास हुकूमनाम्याचें बळ यावें. न जमलें तर तसा दाखला घेऊनच दावा लावावा. येथें क्रम उलटा झाला आहे तो पाहा. पूर्वीं पंचाकडे जाणें राजीनाम्यानें होई. आतां जाणें सक्तीचें, मान्य करणें मात्र ऐच्छिक. शिवाय मध्यस्थ सरकारनें नेमलेला. पक्षकारांनीं निवडलेला नव्हे. दाखला मिळवून मोकळें होणें हाच ज्या सावकाराचा हेतु, त्यास ही पायरी म्हणजे आणखी एक खेप एवढीच वाटणार. पुढें सलोख्याचीं हीं कलमें कायद्यांतून काढून टाकण्यांत आलीं.

हा विषय केवळ दप्तरांतला नाहीं. २००७ पासून महाराष्ट्रांत तंटामुक्त गांव मोहिमेच्या समित्या गांवोगांव झाल्या. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यांत सामुदायिक मध्यस्थीचें स्वतंत्र प्रकरण घातलें गेलें. त्यांत तीन मध्यस्थांनीं घडवून आणलेला समेट लेखी करावयाचा आहे, पण त्यास हुकूमनाम्याचें बळ नाहीं असें कायद्यानेंच स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे कागद पुन्हां सहीच्या भरंवशावर उभा राहिला.

आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, महजर वेगळा काढून बाकीचा रुमाल वाण्याकडे वा रद्दींत जाऊं देऊं नये. यजितपत्र सांपडल्यास तें ज्या निवाडपत्राजवळ होतें त्याच्याच जवळ ठेवावें, मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा कीं दुसऱ्याच्या हें टिपावें, आणि खालीं सही आहे, निशाणी आहे, कीं ‘हस्तक’ म्हणून दुसऱ्याचें नांव आहे, तें नक्कल करतांना गाळूं नये. जामीनकतबे सोबत असतील तर तेही. जामीन राहिलेला माणूस हरलेल्याचा सोयरा होता कीं जिंकलेल्याचा, हें एका ओळीवरून कळूं शकतें, आणि ती ओळ बहुधा कागदाच्या पाठीवर असते.