डंगे धनगर: जंगल सुटलं, मग वारसा जपायचा कसा?

धनगर म्हटलं की मेंढ्या, घोंगडं आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेतली भंडाऱ्याची उधळण आठवते. रील्समध्येही तेच दिसतं. पण कोल्हापूरच्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या डोंगरी तालुक्यांतले डंगे धनगर मेंढ्या राखत नाहीत, म्हशी राखतात. म्हणून त्यांना गवळी धनगरही म्हणतात.

खाली खोऱ्यात कुणब्यांची भातशेती आणि वर माथ्यावर धनगरवाडा: मोजकी घरं, गोठे, उतारावर नाचणी-वरी. लोणी-तूप खाली जायचं, धान्य वर यायचं. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच डोंगरात दोन समाज राहतात, पण जंगलातला दोघांचा वाटा वेगळा, हे त्यांनी नीट मांडलं.

मग हे लोक हलले का? १९५८ साली दाजीपूर अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं. त्याच वर्षी चांदोली अभयारण्य जाहीर झालं, २००४ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. वारणेवरच्या धरणाचं पाणी वेगळंच. २०१२ मध्ये युनेस्कोने राधानगरी आणि चांदोलीला जागतिक वारशात घेतलं, पण नैसर्गिक वारसा म्हणून. माणसांचा वारसा त्या यादीत नाही.

सपाटीवरच्या वसाहतीत घर मिळतं, पण चराई मिळत नाही. म्हशी विकल्या की लोणी कढवण्यापासून चाऱ्याच्या झाडांच्या ओळखीपर्यंत सगळंच थांबतं. गजानृत्य तेवढं टिकतं, कारण ते स्टेजवर नेता येतं. पाणवठ्यांची आणि सड्यांची नावं मात्र म्हाताऱ्यांबरोबर जातात.

आता म्हणाल, नावं गेली तर बिघडलं काय? बिघडतं, आणि थेट हक्काचं बिघडतं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये आहेत, अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धनगरवाड्यात १९३० चा कागद कुठून येणार?

इथे नियम १३ उपयोगी पडतो. वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन, वंशावळ, जुन्या घरांचे अवशेष, विहिरी, स्मशानभूमी, देवाची ठाणी हे सगळं पुरावा म्हणून चालतं. फक्त एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. बेकायदा हटवलेल्यांना पुनर्वसनाचा हक्कही याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे.

धनगरांच्या ओव्या टेप करण्याचं मोठं काम गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने केलं. आज टेपरेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीला नुसतं 'गाणं म्हण' म्हणू नका. वाडा कुठे होता, पाणी कुठून यायचं, शेजारी कोण, पणजोबांचं नाव काय, हे विचारा. तारीख आणि ठिकाण सुरुवातीलाच बोलून घ्या. बोली 'शुद्ध' करू नका. झाडपाल्याची औषधं मात्र लगेच पोस्ट करू नका, कारण पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क याच कायद्याने मान्य केला आहे. आधी वाड्यातल्यांना विचारा.

दावा द्यायचा तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. रेकॉर्डिंग लिहून काढून, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन सोबत जोडा.