हार्बिनचा प्लेग

मुंबईच्या १८९६ च्या प्लेगबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, आणि प्लेग म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो उंदीर. घरात उंदीर पडला की माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधत. उंदरावरची पिसू चावते आणि जंतू अंगात शिरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं. तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. पुढे मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. हे पक्कं झालेलं ज्ञान मांचुरियात एका डॉक्टरच्या जिवावर कसं उठलं, ते आज आम्हांला सांगायचंय.

तिथला मूळ प्राणी उंदीर नव्हता. टार्बागन नावाचा मार्मोट, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा, गवताळ माळावर बिळं करून राहणारा. प्लेगचा जंतू त्याच्यात वस्तीलाच असतो. मंगोल शिकाऱ्यांना जंतू माहीत नव्हता, पण झोकांड्या खाणारा, पळू न शकणारा टार्बागन धरायचा नाही, हे माहीत होतं. (आमच्यासारखे तर्कशास्त्र शिकवणारे अशा रिवाजाला चटकन अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात.) मग त्याच्या कातड्याला रंग देऊन ते महागड्या फरसारखं विकायची टूम निघाली. भाव चढले. शांतुंगहून पोटासाठी आलेले मजूर शिकारीला लागले. त्यांना आजारी जनावर उलट बरंच, धरायला सोपं!

१९१० च्या हिवाळ्यात रोग रेल्वेच्या वाटेनं हार्बिनला आला. डिसेंबरात तिथं पोचले वू लिएन-तेह. पेनांगचे, केंब्रिजला शिकलेले, वय ३१. शवविच्छेदनात जंतू प्लेगचाच निघाला, पण हा फुप्फुसाचा प्लेग. वू म्हणाले, इथं पिसू नाही, खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातोय. तोंडाला कापूस घातलेली जाळीदार कापडाची पट्टी बांधा. जेराल्ड मेनी हे फ्रेंच डॉक्टर वयानं आणि अनुभवानं मोठे. त्यांना ते पटेना. पट्टी न बांधता रुग्ण तपासले आणि जानेवारी १९११ मध्ये ते प्लेगनंच गेले. मेनी काही अडाणी नव्हते हो. मुंबईत तेच बरोबर ठरले असते.

त्यानंतर गावभर पट्ट्या दिसू लागल्या. जमीन गोठलेली, पुरता येईना, म्हणून दोन हजारांवर प्रेतं जाळली. त्याला बादशाही परवानगी लागली. मार्चमध्ये साथ ओसरली, तोवर मांचुरियात सुमारे ६०,००० माणसं गेली होती.

जंतू मात्र बिळात आहेच. २०१९ मध्ये मंगोलियात एका जोडप्यानं प्रकृतीला चांगलं म्हणून मार्मोटचं कच्चं मांस खाल्लं. दोघंही प्लेगनं गेली.