पाभत : दानाकडून स्वावलंबनाकडे

दीघनिकायातील कूटदन्तसुत्त सामान्यतः पशुयज्ञाच्या निषेधासाठी उद्धृत केले जाते. त्यात दारिद्र्याविषयी जो विचार आला आहे, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. गरिबाला नुसते पोसावयाचे की त्याच्या स्वतःच्या उद्योगाला बळ द्यावयाचे, हा आजचा प्रश्न त्या सुत्तात स्पष्टपणे हाताळला आहे.

महाविजित राजाला महायज्ञ करावयाचा आहे. परंतु राज्यात चोरांचा उपद्रव आहे, गावे लुटली जात आहेत. पुरोहित त्याला सांगतो की, अशा स्थितीत नवा कर बसविणे अनुचित होय. वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनीही हा उपद्रव समूळ नष्ट होणार नाही. जे उरतील ते पुन्हा प्रजेला छळतील. म्हणून शेती व गोरक्षण करणाऱ्यांना 'बीजभत्त', व्यापार करणाऱ्यांना 'पाभत' आणि राजसेवा करणाऱ्यांना 'भत्तवेतन' द्यावे.

येथील प्रत्येक शब्द तोलून घेतला पाहिजे. तिन्ही ठिकाणी 'उस्सहन्ति' हे क्रियापद आहे. म्हणजे मदत घेणारा हा हात पसरून बसलेला याचक नसून उद्योगास सिद्ध झालेला मनुष्य आहे. 'बीजभत्त' या समासात बियाणे आहे, तसे अन्नही आहे. नुसते बियाणे दिले तर उपाशी शेतकऱ्याला तेच शिजवून खावे लागेल. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष सुमंगलविलासिनीत म्हणतात की, एवढ्याने भागले नाही तर पुन्हा बियाणे व अन्न द्यावे, शेतीची अवजारेही द्यावीत. 'पाभत' म्हणजे भांडवल. ते साक्षीदार न ठेवता, पत्रावर न चढविता, मुद्दल परत न मागता द्यावे, असा त्यांचा खुलासा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नव्या वसाहतीतील शेतकऱ्यांना धान्य, पशू व द्रव्य देण्यास सांगितले आहे. पण ते त्यांनी सवडीने परत करावे, अशी अपेक्षा आहे. अट्ठकथा सुत्तानंतर अनेक शतकांनी सिद्ध झाली, हे खरे. तरीही त्या परंपरेने या मदतीला कर्ज मानले नाही, हे लक्षणीय होय.

पाभताचा अर्थ सिद्ध करण्यासाठी बुद्धघोष चुल्लकसेट्ठि जातकातील गाथेचा आधार घेतात. त्या जातकातील दरिद्री तरुणाचे पाभत म्हणजे रस्त्यावर पडलेला मेलेला उंदीर. मांजरासाठी तो विकून त्याला एक काकणिका मिळते. तिचा तो गूळ घेतो आणि रानातून परतणाऱ्या माळ्यांना गुळाबरोबर पाणी पाजतो. ते त्याला मूठमूठ फुले देतात. पुढे वादळाने पडलेली लाकडे, गवत कापणाऱ्यांशी जोडलेला स्नेह, घोड्यांच्या व्यापाऱ्यास विकलेले गवत, असा त्याचा व्यवहार वाढत जातो. इतरांचे गवत अडवून त्याने साधलेली विक्री आपल्याला खटकू शकेल. परंतु त्याचा आरंभ तहानलेल्यास पाणी देण्यापासून झाला, हे विसरता येत नाही. अखेरीस, ज्या श्रेष्ठीच्या उद्गारातून ही वाट सुचली त्याला तो कृतज्ञतेने एक लक्ष नाणी नेऊन देतो.

याची उलट बाजू चक्कवत्तिसीहनादसुत्तात आहे. तेथील राजा निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी वाढते. चोर पकडून आणल्यावर मात्र राजा त्याला धन देतो आणि त्यातून कुटुंब पोसावे, उद्योग करावा, असे सांगतो. उपदेश योग्यच आहे, पण वेळ चुकली आहे. चोरी केली की धन मिळते, एवढेच लोक त्यातून शिकतात. मग राजा शिरच्छेदाकडे वळतो. मदत उद्योगाला मिळाली पाहिजे व वेळेवर मिळाली पाहिजे, हा या दोन सुत्तांचा एकत्रित निष्कर्ष होय. अंगुत्तरनिकायातील इणसुत्त त्याला तिसरा मुद्दा जोडते : दरिद्री मनुष्य ऋण काढतो, व्याज कबूल करतो, तगादा सोसतो आणि शेवटी बंधनात पडतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विचाराची कसोटी पाहावयास मिळते. महार वतन वरवर पाहता उपजीविकेचे साधन होते. वस्तुतः तुटपुंजी जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात सारे कुटुंब अष्टौप्रहर राबणुकीस बांधले जाई. जे अन्न देऊन स्वतंत्र उद्योगाची वाट बंद करते, ते बीजभत्त नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागील मर्म हेच होते. वतने नष्ट करणारा कायदा 1958 साली झाला.

पुढे 1978 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेत 'बीज भांडवल' हा शब्द आला. पाली वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. 2 ऑक्टोबर 1980 पासून देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात अनुदान व बँकेचे कर्ज यांतून दुभती जनावरे देण्यात आली. जेथे चारा, पशुवैद्य व दुधाची विक्री यांची सोय नव्हती, तेथे जनावर गेले आणि कर्ज उरले. बीज मिळाले, भत्त मिळाले नाही. 1 एप्रिल 1999 पासून त्या कार्यक्रमाची जागा बचतगटांवर भर देणाऱ्या नव्या योजनेने घेतली.

कूटदन्तसुत्त ही भूतकाळाची म्हणून सांगितलेली कथा आहे, एखाद्या राज्याचे दप्तर नव्हे. तरीही तिने दिलेले माप उपयोगी आहे. कोणत्याही स्वयंरोजगार योजनेला तीन प्रश्न विचारावेत : घेणाऱ्याचा उत्साह कशात आहे हे कोणी पाहिले काय? पहिले पीक हाती येईपर्यंत त्याच्या घरी चूल पेटेल काय? आणि उद्योग बुडाला तर तो पूर्वीपेक्षा अधिक बांधला जाईल काय? महाविजिताच्या राज्यात अखेरीस लोक आपापल्या कामात गुंतले, घरांची दारे उघडी राहिली आणि राजाचा कोशही भरला. हे सारे यज्ञापूर्वी घडले, हा क्रम आपण ध्यानात ठेवला पाहिजे.