घशातल्या एका सेकंदाचा मागोवा

घास अडला की घशात काहीतरी उतरवून पाहायचे, हा माणसाचा जुना खटाटोप. घशात आडवे बसलेले हाड काढण्यासाठी केसांचा गुंडा बळकट दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर पाजावा आणि ओकारी काढवून दोरा ओढावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. तिथून आपण १६७४ मध्ये आलो, की इंग्लंडात टॉमस विलिस देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून रुग्णाचा घास जठराकडे लोटताना भेटतो. अडथळा हाताला जाणवत होता, पण किती जोराचा, हे मोजायला साधन नव्हते.

ते आले रक्तदाबाच्या वाटेने. १८४७ मध्ये कार्ल लुडविगने फिरत्या नळकांड्यावर दाबाची रेघ उमटवली. १८८३ मध्ये क्रोनेकर आणि मेल्टझर यांनी घशात व अन्ननलिकेत छोटे फुगे सोडून गिळण्याची रेघ काढली. मात्र फुगा स्वतःच घासासारखा वागतो आणि जी हालचाल मोजायची तीच बदलून टाकतो. १९५५ मध्ये फाइक आणि कोड यांनी घसा व अन्ननलिका यांच्या सीमेवरचे दाब नोंदवले. पुढे पाणी झिरपवणाऱ्या बारीक नळ्या रुळल्या, १९७७ मध्ये आर्नडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी त्यांची यंत्रणा सुधारली. संथ अन्ननलिकेला एवढे पुरले, घशाला नाही. घशातला टप्पा जेमतेम सेकंदभराचा. त्यातच सीमेवरचे स्नायूचे कडे, म्हणजे वरचा स्फिंक्टर, गिळताना स्वरयंत्राबरोबर वर सरकतो आणि एका जागी बसवलेल्या मापकाच्या हातावर तुरी देतो.

ही पंचाईत दोन गोष्टींनी सुटली. दाब जागच्या जागी टिपणारे चपळ विद्युत मापक आले आणि १९९०च्या दशकात सेंट लुईसच्या रे क्लाउस यांनी दाटीने घेतलेल्या मापांतून दाबाचा नकाशा मांडला. आज नाकातून घातलेल्या नळीवर सेंटिमीटरगणिक एक, असे ३६ मापक असतात. रुग्ण पाण्याचा घोट घेतो; पडद्यावर कमी दाब निळा, जास्त दाब लाल दिसतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने घशाच्या या तपासणीसाठी समान पद्धत सुचवली.

ही तपासणी कुणाच्या कामी येते, हे कर्करोगाच्या रुग्णांकडे पाहिले की कळते; मुंबईत परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून असे रुग्ण पाहते आहे. तोंड-घशाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर अनेकांना घोटागणिक ठसका लागतो. पक्षाघातानंतरही तेच. ठसका एकच, कारणे दोन: घशाचा रेटा कमी पडतो, किंवा स्फिंक्टर पुरता उघडत नाही. पहिल्यावर व्यायाम, दुसऱ्यावर कडे ताणून रुंद करणे वा छेद देणे. हा निवाडा आता अंदाजावर सोडावा लागत नाही, ही या लांबच्या वाटचालीची कमाई.