राइस आउल्स बेसबॉल

राइस आउल्स हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात असलेल्या राइस विद्यापीठाचा बेसबॉल संघ आहे. 'आउल' म्हणजे घुबड. आपल्याकडे अशुभ मानला जाणारा हा पक्षी विद्यापीठाच्या मुद्रेवर मात्र विद्येचे प्रतीक म्हणून विराजमान आहे. अवघे काही हजार विद्यार्थी आणि कठीण प्रवेशप्रक्रिया असलेल्या या संस्थेने मोठमोठ्या सरकारी विद्यापीठांना मैदानावर नमवावे, हे तेथील क्रीडाजगतात नवलाचेच मानले गेले.

इतिहास

संघाच्या उत्कर्षाचे श्रेय प्रामुख्याने वेन ग्रॅहम (मृत्यू २०२४) यांना जाते. सॅन जॅसिंटो महाविद्यालयाला कनिष्ठ महाविद्यालयांची पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिल्यानंतर १९९२ च्या हंगामापासून त्यांनी राइसची धुरा सांभाळली. १९९५ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही न खेळलेला हा संघ त्या वर्षापासून २०१७ पर्यंत सलग २३ वेळा तिच्यासाठी पात्र ठरला आणि १९९७ ते २००८ या काळात सात वेळा ओमाहा येथील अंतिम टप्प्यात पोहोचला.

२००३ साली राइसने स्टॅनफर्ड विद्यापीठाला तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत हरवले. निर्णायक सामन्यातील १४-२ हा विजय म्हणजे राइसचे कोणत्याही सांघिक खेळातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद होय. त्या सामन्यात फिलिप हंबर या पिचरने अखेरपर्यंत एकट्याने चेंडू टाकले.

पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत हंबर तिसरा, जेफ नीमन चौथा आणि वेड टाउनसेंड आठवा निवडला गेला. एकाच महाविद्यालयाचे तीन पिचर पहिल्या आठांत येणे हा अपूर्व मान होता. परंतु २००५ मध्ये तिघांच्याही खांद्यावर वा कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. विद्यार्थी पिचरांकडून अतिरेकी चेंडूफेक करून घेतली जाते, अशी टीका ग्रॅहम यांच्यावर झाली. टाउनसेंड मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचला नाही. विजेतेपदाची चर्चा करताना ही बाजू डोळ्याआड करता येत नाही.

२०१८ च्या हंगामानंतर ग्रॅहम यांची कारकीर्द संपली. पुढे माजी खेळाडू होसे क्रूझ धाकटे हे २०२१ ते २०२५ या काळात प्रशिक्षक होते. संघाला मात्र पूर्वीचे वैभव परत मिळाले नाही.

उल्लेखनीय माजी खेळाडू

लान्स बर्कमन याने १९९७ च्या एका हंगामात राइससाठी ४१ होम रन फटकावले. मेजर लीगमधील त्याचे होम रन ३६६. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात सेंट लुइस कार्डिनल्स पराभवापासून एका चेंडूवर असताना त्याने फटका मारून बरोबरी साधून दिली. अँथनी रेंडन २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडून वर्ल्ड सिरीज जिंकला, तीही आपल्याच ह्यूस्टन शहराच्या संघाविरुद्ध. हंबरने २१ एप्रिल २०१२ रोजी शिकागो व्हाइट सॉक्सकडून खेळताना सिॲटलच्या सत्तावीसही फलंदाजांना एकाही बेसवर पोहोचू न देता बाद केले. अशा सामन्याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. २००३ च्या विजेत्या संघातील डेव्हिड आर्ड्स्मा हा इंग्रजी वर्णक्रमानुसार लावलेल्या मेजर लीग खेळाडूंच्या यादीत प्रख्यात हँक आरनच्याही आधी, म्हणजे सर्वांत प्रथम येतो.