अनाथांची वाचा

तोतरेपणा जन्मतः येतो, कीं मोठ्यांनीं नांवें ठेवल्यानें जडतो? अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे बोलत. म्हणून हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा. सन १९३९ मध्यें त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिनें डेव्हनपोर्टच्या अनाथालयांतील २२ मुलांवर प्रयोग केला. पैकीं नीट बोलणाऱ्या ६ मुलांस ‘तुम्ही अडखळतां’ असें वारंवार बजावलें. शिक्षकांसही खरा हेतु कळूं दिला नाहीं. तें दुःख जाणणाऱ्यानेंच तें दुसऱ्यांवर लादूं पाहावें, हें विशेष! सिद्धान्त कांहीं सिद्ध झाला नाहीं. मुलें मात्र बोलण्यास कचरूं लागलीं. ती भीति काढण्यास ट्यूडरबाई पुन्हां तेथें गेल्या, पण ती पुरती निघाली नाहीं. प्रबंध ग्रंथालयांत पडून राहिला. विद्यापीठानें क्षमा मागितली २००१ सालीं. २००७ मध्यें आयोवा राज्यानें ९,२५,००० डॉलर भरपाई दिली, तेव्हां कांहींचा वांटा वारसांकडे गेला.